अर्धं तिकीट

आमच्या आगारात जुने लोक कंडक्टरला अजूनही 'मास्तर' म्हणतात. सत्यशीलाबाई कंडक्टर म्हणून रुजू झाल्या, तेव्हा बाईमाणसाला काय म्हणायचं असा प्रश्न निघाला. ड्रायव्हर कमरोद्दीन यांनी तो तिथल्या तिथे सोडवला. "बाईमास्तर म्हणा की," ते म्हणाले. तेच नाव चौदा वर्षं टिकलं, आणि ती दोघं बहुतेक काळ जालना–घनसावंगी गाडीवर एकत्रच राहिली.

मी त्याच आगारात वाहतूक शाखेचा लिपिक. कोणत्या गाडीवर कोण जाणार, कोणती फेरी उशिरा आली आणि का आली, याच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. शेकडो कामगारांची कागदपत्रं माझ्या हाताखालून गेली. पण खाण्यामुळे गाडीवरून उतरलेलं आणि खाण्याच्याच शिस्तीवर पुन्हा गाडीवर चढलेलं माणूस मी एकच पाहिलं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

घनसावंगीला जाताना गाडी अंबडला दहा मिनिटं थांबते. त्यातली तीन मिनिटं कंट्रोलरकडे नोंद करण्यात जातात. उरलेल्या सात मिनिटांत कंडक्टरनं जेवायचं. सत्यशीलाबाई सात मिनिटांत तीन भाकरी, भाजी, वर कॅन्टीनची गरम भजी आणि दोन ग्लास पाणी एवढं उरकायच्या. कमरोद्दीन यांचा डबा अर्ध्यावर असायचा तेव्हा यांचा धुऊन झालेला असायचा.

"बाई, चावता तरी का?" ते विचारायचे.

"चावायला येळ कुठंय कमरूभाई? टाकायचं आन् डबल बेल द्यायची."

शिवाय रस्त्यावरचं खाणं वेगळं. या मार्गावरचे प्रवासी त्यांना घरातली समजत. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाला नातू झाला, कुणाचं पोरगं भरती झालं की पहिला पेढा बाईमास्तरला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पायाचं दुखणं, मग साखर, मग धाप असं एकेक लागत गेलं आणि वजन एकशे एकवीस किलोवर पोचलं.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. तिथे सत्यशीलाबाईंचं अडलं. दोन बाजूंच्या सीटांमधली वाट त्यांना आधीच पुरत नव्हती. आता त्या वाटेत माणसं उभी. एके दिवशी त्या मध्येच अडकून पडल्या, तेव्हा खिडकीजवळचा एक शर्ट-पँटवाला मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, तुमचंबी दोन सीटचं तिकीट लागंल बघा."

"काढते की," बाई म्हणाल्या. "पर मंग तुम्ही उतरा. दुसरी सीट तुमचीच लागंल."

गाडी हसली. पण त्या दिवशी त्या मागपर्यंत पोचू शकल्या नाहीत, आणि पुढे तपासणी पथक चढलं तेव्हा मागच्या सीटवर तीन प्रवासी तिकिटाविना निघाले. अंबडला त्या गाडीच्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. श्वास पुरेना. कमरोद्दीन टॉवेलनं वारा घालत होते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. ती नोंद मीच केली आहे.

डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं, आणि बाई माझ्या समोरच्या टेबलावर आल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अक्षर चांगलं, आकडा कधी चुकत नाही, फाइल मागितली की दोन मिनिटांत हातात. माझ्यानंतर हे टेबल त्यांनीच सांभाळावं असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. त्यांच्या मनात मात्र तसं काही नव्हतं. खिडकीबाहेरून एखादी गाडी निघाली आणि बेल वाजली की त्यांचं पेन थांबायचं.

"भाऊसाहेब, ही परतूरची हाय. बेलची दोरी ढिली झालीय हिची. कुणाला सांगा."

मी सांगायचो. दोरी खरंच ढिली निघायची.

साखर आटोक्यात येईना तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. बाईंचे यजमान राजानंद स्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवतात. माणूस अबोल. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "करून टाक. तू टेबलावर सुकून चाललीस." कमरोद्दीन यांना मात्र धसका बसला होता. "चांगलं पोट कापून टाकणार? बिलकुल पटत न्हाई मला," म्हणाले, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी रजा टाकून दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून बसून राहिले.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पोटाचा केळ्याएवढा भाग ठेवून बाकीचा काढून टाकला. दवाखान्यातून निघताना आहाराच्या बाईंनी एक कागद दिला. दोन महिन्यांनी सत्यशीलाबाई टेबलावर परत आल्या तेव्हा त्यांनी तो मला दाखवला. अकरा कलमं होती. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी वाटीभर. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. आधी डाळ, उसळ, अंडं, मग भाजी, जागा उरली तरच भाकरी. गोड वर्ज्य.

"भाऊसाहेब, हे नववं कलम वाचा," त्या म्हणाल्या. "भाकरी शेवटी! भाकरीशिवाय जेवण सुरू कसं होतं? आमच्या घरात तर ताट म्हणजेच भाकरी."

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. राजानंद दुकानातल्या मलमलच्या तुकड्यातून वरण गाळून द्यायचे. कपभर वरणाचं पाणी प्यायला तास लागायचा. मग मऊ खिचडी, मग उकडलेलं अंडं. चौथ्या महिन्यात केस गळाले, तेव्हा बाई पहिल्यांदा रडल्या. आणि ज्या दिवशी भाकरीची परवानगी मिळाली, त्याच दिवशी एक घास सवयीनं दोन वेळा चावून गिळला. तो छातीत अडकला. तासभर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि शेवटी उलटी झाली.

"पोट नवीन बसवलं, पर हात जुनाच राह्यला," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "हाताला अजून वाटतं, गाडी सुटून राह्यली."

एक गोष्ट मात्र त्यांच्या मदतीला आली. पोट भरलं की त्यांना एक उचकी यायची. एकच. ती आली की थांबायचं. त्यापुढे एक घास जरी घेतला तरी तो वर येणार. कमरोद्दीन दुपारी चहाला आमच्याकडे डोकावायचे. त्यांनी हे एकदा पाहिलं आणि टाळी वाजवली. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. "ही तर सिंगल बेल!" ते म्हणाले. "बाई, अल्लानं तुमच्या पोटात कंडक्टर बसवला."

मार्चपर्यंत अडतीस किलो कमी झाले. साखरेची गोळी सुटली. राजानंद यांनी खाकी गणवेश तीनदा आत घेतला. पण जादा कापड कापलं नाही. शिवणीत तसंच दाबून ठेवलं. शिलाईवाले त्याला 'माया' म्हणतात. "वजन परत आलं तर कामाला येईल," असा त्यांचा हिशोब. बाईंना तो आवडला नव्हता.

एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा गाडीवर जाण्यासाठी अर्ज केला. तो माझ्याकडून पुढे जायचा होता. मी त्यावर शेरा लिहिला: 'अर्जदार कार्यालयीन कामास अधिक उपयुक्त.' त्यात त्यांच्या तब्येतीची काळजी होती, आणि माझ्या टेबलाची सोयही होती. फाइल आगार व्यवस्थापकांकडे जाण्याआधी बाईंनी ती पाहिली.

"भाऊसाहेब, हे तुमचं अक्षर."

"तुमच्या भल्यासाठीच लिहिलंय, बाई."

"माझं भलं गाडीवर हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "टेबलावर बसून राहायचं व्हतं तर पोट कशाला कापून घेतलं असतं?"

साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि मधला मार्ग काढला. वैद्यकीय दाखला ठीक आहे, तर एक मेपासून तीन महिने गाडीवर पाठवू. पण या तीन महिन्यांत त्यांच्या तब्येतीमुळे फेरी बिघडली, तर कायमचं टेबल. बाईंनी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी तिकिटाचं मशीन चालवायचा सराव सुरू केला.

पहिले तीन आठवडे चांगले गेले, असं आम्हाला वाटत होतं. खरी गोष्ट कमरोद्दीन यांनी नंतर सांगितली. कागदाप्रमाणे एका वेळच्या जेवणाला अर्धा तास लागायचा आणि गाडी थांबायची दहा मिनिटं. म्हणून बाई सकाळभर जेवतच नव्हत्या. डबा घरून जसा यायचा तसा घनसावंगीला जायचा आणि तसाच परत यायचा.

दहावीच्या निकालाचे दिवस. एका शेतकऱ्याची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली होती. तो अंबडला खास पेढे घेऊन चढला. "बाईमास्तर, तुमच्याच गाडीनं शाळेत गेली ती. तुमी तोंड गोड केल्याबिगर मी सीटवर बसत न्हाई." बाईंनी एक घेतला. त्यानं दुसरा हातावर ठेवला. रिकामं पोट, दोन पेढे, आणि जुन्या हातानं ते दोन घासांत संपवले.

दहा मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. कमरोद्दीन यांनी गाडी एका निंबाखाली उभी केली. बायांनी मागची मोठी सीट रिकामी करून दिली. पेढेवाला शेतकरी बिचारा रडकुंडीला आला. फेरी बावीस मिनिटं उशिरा पोचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मीही होतो. साहेब म्हणाले, "बाई, हे पहिलं आणि शेवटचं. पुन्हा झालं तर मला विचारूही नका."

बाहेर आल्यावर बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, आपल्या रूटचा टप्प्यांचा तक्ता द्या."

वाचकांना सांगायला हवं, की एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. साधारण सहा किलोमीटरचा एक टप्पा. आमच्या त्या मार्गावर असे दहा. मी तक्ता काढून दिला. त्या त्यावर पेन्सिलनं खुणा करू लागल्या, आणि मग मलाही चेव आला. अर्धा तास एकदम मिळत नाही ना? मग तो टप्प्याटप्प्यानं घ्यायचा. टप्प्याची तिकिटं फाडून झाली, मोजणी जुळली, की दाराजवळच्या आपल्या सीटवर बसून तीन घास. फक्त तीन. दहा टप्पे, तीस घास. वाटीभर अन्न तेवढंच होतं. पाणी निघायच्या अर्धा तास आधी, नाहीतर घनसावंगीला पोचल्यावर अर्ध्या तासानं. घनसावंगीला पोचेपर्यंत जेवण पूर्ण, पोट कधीच रिकामं नाही आणि कधीच गच्च नाही.

मी तो तक्ता मोठ्या अक्षरात लिहून दिला. टप्पा, अंतर, घास. साहेबांनी त्यावर 'प्रवाशांची तक्रार येऊ नये' एवढं लिहून सही केली.

तक्रार कोण करणार? आठवड्याभरात सगळ्या मार्गाला ते माहीत झालं. तिकिटं लवकर संपली तर बाई लवकर बसतील म्हणून लोक सुटे पैसे हातात धरून उभे राहू लागले. कुणी घाईनं काही विचारायला लागलं की मागून आवाज यायचा, "अरे थांब की, बाईमास्तरचा टप्पा चालू हाय!" कमरोद्दीन यांच्या पत्नी मदिना रोज मसूरडाळीची लहान डबी पाठवू लागल्या, कमी तिखटाची. कमरोद्दीन यांनी तर खड्डे चुकवायला सुरुवात केली. "चौदा साल मी खड्ड्यातून गाडी नेली," ते मला म्हणाले. "आता बाईचा घास हलतो म्हणून संभाळून नेऊन राह्यलो. पाशिंजर खुश, मेकॅनिकबी खुश."

असा जून गेला, जुलै निघाला. एकही फेरी बिघडली नाही. आणि तीन महिने संपायला दोन दिवस उरले असताना निंबोळवाडीची गाडी निघाली.

निंबोळवाडी घनसावंगीच्या पुढे दोन टप्पे आत आहे. तिथली गाडी काही वर्षांपूर्वी बंद झाली होती. गावानं अर्जावर अर्ज केले, आणि नागपंचमीला लेकी माहेरी येतात, निदान तेव्हा तरी गाडी द्या, अशी मागणी धरली. ती मंजूर झाली. पहिल्या फेरीला साहेब स्वतः निघाले आणि कागदपत्रांसाठी मला बरोबर घेतलं. गाडीवर कमरोद्दीन आणि बाईमास्तर.

गाडी घनसावंगीतून निघाली तेव्हा तीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या माहेरवाशिणी. कडेवर लेकरं, मांडीवर पिशव्या, हातात नव्या बांगड्या. बाई पुढून मागपर्यंत गेल्या आणि मागून पुढे आल्या. ज्या वाटेत त्या एकेकाळी अडकल्या होत्या, तिथून त्या अशा सरकत गेल्या की मी पाहतच राहिलो. पहिला टप्पा संपायच्या आत सगळी तिकिटं झाली.

वाडीत मारुतीच्या पारासमोर सगळं गाव उभं होतं. गाडीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, कमरोद्दीन आणि बाईंना ओवाळलं. मग निंबाखाली सतरंज्या घातल्या. नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, विळी धरत नाहीत. म्हणून पुरणाची उकडलेली दिंडं. प्रत्येक ताटात दोन दोन, वर तूप इतकं की ताट तिरकं केलं तर ओघळ यावा.

वाढायला द्वारकाबाई होत्या, गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. साहेबांनी पहिलं दिंड संपवून दुसऱ्याला हात घातला होता. द्वारकाबाई सत्यशीलाबाईंसमोर आल्या.

"मला नको, आजी."

"का गं? आमचं दिंड गोड न्हाई का?"

"गोड हाय म्हणूनच नको."

"आगं सणाचा दिवस. लेक दारातून उपाशी जाती का? एवढ्या सालानं गाडी आली, आन् गाडीवालीच तोंड खरकटं न करता चालली! लोक काय म्हणतील, निंबोळवाडीनं कंडक्टरणीला उपाशी लावलं." त्यांनी बाईंच्या दंडाला बोटं लावली. "कातडं बघ कसं लोंबतंय. सासरी खाऊ घालत न्हाईत वाटतं."

बाया हसल्या, पण द्वारकाबाईंच्या हातातलं दिंड तसंच हवेत होतं, आणि त्यांचा चेहरा उतरू लागला होता. तेवढ्यात साहेब, मोठ्या आपुलकीनं, म्हणाले, "घ्या हो बाई! गाव एवढ्या प्रेमानं देतंय. नाही म्हणू नये."

मी हातातला घास ताटात ठेवला. ज्या माणसानं अट घातली, तोच ती मोडायला सांगत होता, आणि त्याच्या ध्यानातही नव्हतं. परतीची गाडी साडेअकराची. ताटभर पुरण आणि तूप पोटात गेलं तर वाटेत काय होईल हे मला ठाऊक होतं. ताट सारलं तर गावाचा अपमान, तोही साहेबांसमोर. मी कमरोद्दीन यांच्याकडे पाहिलं. ते ताटातलं बोटही न हलवता बाईंकडे बघत होते.

सत्यशीलाबाईंनी बाजूला ठेवलेलं तिकिटाचं मशीन उचललं आणि मांडीवर घेतलं.

"आजी, तुमी आमच्या गाडीत बसला तर तिकीट किती लागंल?"

"मला?" द्वारकाबाई चकित झाल्या. "मला कशाचं तिकीट? पंच्याहत्तर झाले की मला. फुकट!"

"आन् ह्या तुमच्या लेकी आज आल्या, त्यांना किती लागलं?"

"अर्धं!" सगळ्या माहेरवाशिणी एकदम म्हणाल्या.

"का बरं अर्धं?"

"सरकारनं केलं!"

"मंग," बाई म्हणाल्या, "तसं माझ्या पोटानं मलाबी अर्धं तिकीट केलंय, आजी. डाक्टरनं पोट कापून केळ्याएवढं ठिवलंय. तुमच्या दिंडाला मी न्हाई म्हणत न्हाई. पर पुरं तिकीट फाडलं तर माझी गाडी वाटंतच बंद पडंल, आन् ह्या लेकींना सासरी परत न्यायला कोण येणार?"

द्वारकाबाईंनी हातातलं दिंड बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि व्यापाऱ्यासारखा डोळा बारीक केला.

"म्हंजी तू न्हाई म्हणत न्हाईस. अर्धं म्हणतीस."

"अर्ध्याचंबी अर्धं. आन् वरचं तूप काढून."

"तूप काढून? मंग ते दिंड कशाचं!"

"लहान पोराचं तिकीट समजा, आजी."

आता सगळं गाव हसलं. द्वारकाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनी कडेचा अंगठ्याएवढा तुकडा मोडला, तूप निथळून ताटात ठेवला. बाईंनी आधी आपली डबी उघडली. मदिनांनी पाठवलेली मसूरडाळ. तिचे तीन घास सावकाश खाल्ले, म्हणजे गोड रिकाम्या पोटात पडू नये. मग तो तुकडा तोंडात घातला आणि चावू लागल्या.

"किती येळ चावती गं ही?" कुणीतरी विचारलं.

"बत्तीस डाव," कमरोद्दीन यांनी लांबून सांगितलं. "मोजा पाह्यजे तर."

आणि बाया खरंच मोजू लागल्या. आधी दोघीतिघी, मग सगळ्या. वीस, एकवीस, बावीस. साहेबांनी हातातलं दिंड खाली ठेवलं होतं आणि त्यांचेही ओठ हलत होते. एकतीस, बत्तीस! बाईंनी घास गिळला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "आजी, चौदा साल मी गिळून राह्यले व्हते. पुरणात जायफळ असतं, हे आज कळलं."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इलायचीबी हाय," त्या म्हणाल्या. "मोडू का अजून जरासं?"

तेवढ्यात बाईंना उचकी आली. एकच.

"सिंगल बेल!" कमरोद्दीन ओरडले.

हसणं इतकं झालं की पारावरची कबुतरं उडाली. द्वारकाबाईंनी स्वतःच ताटावर ताट झाकलं. उरलेली दिंडं डब्यात भरून बाईंच्या हातात दिली. "घरच्यांना ने. तुझ्या पोटाचं तिकीट अर्धं असंल, लगेजला काय बंदी न्हाई ना?"

बरोबर साडेअकराला डबल बेल झाली. मी पुढच्या सीटवर बसून घड्याळ बघत होतो. अकरा चाळीस. पावणेबारा. बाई उभ्या होत्या, कपाळ कोरडं होतं. बाराला दहा मिनिटं कमी असताना त्या माझ्याजवळ आल्या, वाकून म्हणाल्या, "भाऊसाहेब, घड्याळ खिशात ठिवा. काय व्हत न्हाई आता." घनसावंगीला गाडी वेळेवर पोचली. मागच्या सीटवरून साहेबांनी मला विचारलं, "ते पेढ्याचं प्रकरण असंच होतं का हो? गोडाचं?" मी हो म्हणालो. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "आणि मीच म्हणालो, घ्या."

एक ऑगस्टला सकाळी मी आदेश लिहिला: सत्यशीलाबाईंना कायम गाडीवर नेमण्यात येत आहे. माझा जुना शेरा फाइलमध्ये होता. तो मी एका रेघेनं खोडला, बाजूला तारीख घालून सही केली, आणि फाइल त्यांना दाखवली. त्यांनी वाचली.

"हेबी तुमचंच अक्षर," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

माझं टेबल आता दुसरं कुणी सांभाळेल. त्याच आठवड्यात गुंडी लावून घ्यायला मी राजानंद यांच्या दुकानात गेलो, तर ते खाकी सदरा उलटा करून बसले होते आणि शिवणीतली माया कात्रीनं कापत होते. सगळीच्या सगळी.

निंबोळवाडीची गाडी आता रोज जाते. तिथल्या मागच्या लग्नात कमरोद्दीन जेवायला गेले होते. त्यांनी सांगितलं की त्या गावात आता वाढणारी बाई जबरदस्तीनं ताटात टाकत नाही. पातेलं घेऊन समोर उभी राहते आणि विचारते, "पुरं, का अर्धं?" कुणी अर्धं म्हटलं तर राग मानत नाहीत. "तुमी काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी?" कमरोद्दीन म्हणाले. "मी पुरं घेतलं. माझ्या हिश्श्याचं एक, आन् बाईमास्तरचं उरलेलं अर्धं."